सात नंबरचे आबा

जळगावच्या ज्या दवाखान्यात मी नोकरीला लागले, तिथल्या पुरुषांच्या वॉर्डात बहुतेक सगळे आबा होते. उरलेले नाना. क्वचित एखादे भाऊ, पण ते तरुण असायचे आणि दोन दिवसांत घरी जायचे. म्हाताऱ्या माणसाला नावानं हाक मारायची नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि कुठे लिहिलेलंही नव्हतं. पण पहिल्याच आठवड्यात मी एका आजोबांना फाईलमधलं पूर्ण नाव वाचून हाक मारली, तेव्हा शेजारच्या खाटेवरून आवाज आला, "काय व बाई, कोर्टात पुकारा करते का?" सगळे हसले. माझे कान तापले. त्यानंतर मीही आबा म्हणायला लागले. आबांची सरमिसळ होऊ नये म्हणून त्यांच्यापुढे गाव लावायचं. बोदवडचे आबा, धरणगावचे आबा. एकाच गावचे दोन आले तर खाटेचा नंबर.

मी मुळात कमी बोलते. धुळ्याला इंग्रजी शाळेत शिकले, आणि उत्तर येत असूनही हात वर न करणारी जी एक मुलगी प्रत्येक वर्गात असते, ती मी होते. घरी आईवडील माझ्याशी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत. आपसात मात्र अहिराणी, तीही भांडताना किंवा लाडात आल्यावर. त्यामुळे ती भाषा मला पूर्ण समजते, पण बोलायला गेले की दुसऱ्याच्या खोलीत न विचारता शिरल्यासारखं वाटतं. वॉर्डात दिवसभर तीच कानावर पडायची. मी ऐकायची आणि पुस्तकी मराठीत उत्तर द्यायची. पेशंट मला 'इंग्रजीवाली' म्हणत, हे मला माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना सगळे अक्का म्हणत. डॉक्टरसुद्धा. मूळच्या दोंडाईच्याच्या, अंगानं भक्कम, चष्मा कायम डोक्यावर आणि कायम शोधत असलेल्या. त्यांना दोन आवाज होते. डॉक्टरांशी आणि ऑफिसशी बोलताना स्वच्छ, मोजकं मराठी. राग आला किंवा माया आली की अहिराणी. मी नवीन होते तेव्हा त्यातला राग कुठला आणि माया कुठली, ते ओळखता येत नसे. रोज सकाळी त्या बशीतून चहा पिताना मला म्हणायच्या, "आवाज काढ बाई जरा. पेशंट बहिरे आहेत, तू मुकी आहेस, कसं व्हायचं?"

ही गोष्ट एप्रिलमधली आहे. मावसबहिणीच्या साखरपुड्यासाठी मी चार दिवस धुळ्याला गेले होते. परत आले ती सकाळच्या पाळीला. चार दिवसांत निम्मा वॉर्ड बदलला होता. रात्रपाळीच्या सिस्टरला गाडी गाठायची होती, म्हणून खाटांपाशी फिरून ताबा द्यायच्या ऐवजी तिनं टेबलापाशीच उभ्याउभ्या सांगितलं, आणि मी कागदावर उतरवून घेतलं.

"सात नंबर, आबा, पायाला जखम, डायबेटिस. सहाला शुगर घेतली, दोनशे चाळीस. नाश्त्याच्या आधी इन्सुलिन बारा युनिट. आठ नंबर, आबा, न्यूमोनिया, बराच सुधारलाय. सलाईनच्या सुईतून अँटिबायोटिक, ते दहाला."

आता खाट नंबर सातबद्दल सांगायला हवं. वॉर्डात दोन रांगा होत्या आणि खिडकीकडच्या रांगेत सातच्या बरोबर वर एकच पंखा असा होता, जो खरोखर वारा द्यायचा. आठवरचा पंखा फिरायचा, पण आपण कुणावर उपकार करतोय अशा चालीनं. जळगावच्या एप्रिलमध्ये सकाळी सातलाच भिंती गरम असतात. सात नंबर मिळावा म्हणून लोक ओळखी काढत.

त्या वेळी सातवर बोदवडकडचे एक आबा होते. केळीची बाग, पायाला फावडं लागलेलं, ती जखम साखरेमुळे भरत नव्हती. आठवर धरणगावजवळच्या खेड्यातले आबा, कापूसवाले, छातीत कफ झालेले, बरोबर त्यांची बायको. मी धुळ्याला साखरपुड्यात पेढे वाटत होते, तेव्हा इथे या दोघांनी एकमेकांचं गाव विचारलं. मग गावातलं घर विचारलं. मग कुणाची मुलगी कुठे दिली ते काढलं. तिसऱ्या दिवशी सापडलं: बोदवडच्या आबांची पुतणी धरणगावच्या आबांच्या चुलतभावाकडे दिलेली. म्हणजे सोयरे! आणि त्यातही एक मुलीकडचा, दुसरा मुलाकडचा.

हे नातं कळल्यापासून बोदवडच्या आबांना चैन पडेना. मुलाकडचा माणूस बंद पडल्यासारख्या पंख्याखाली घामाघूम आणि आपण मुलीकडचे वाऱ्यात लोळतोय, हे त्यांना बघवेना. एक रात्र त्यांनी कशीबशी काढली. सकाळी सातला, रात्रपाळीची सिस्टर रिपोर्ट लिहीत असताना, त्यांनी सोयऱ्याला उठवलं आणि खाटा बदलल्या. झाडूवाल्या मावशींनी उशा आणि पिशव्या इकडच्या तिकडे केल्या. हे सगळं मला नंतर कळलं. पिशव्या हलल्या, पाण्याच्या बाटल्या हलल्या, चपलासुद्धा हलल्या. फायली मात्र खाटांच्या पायथ्याला अडकवलेल्या होत्या, त्या तिथेच राहिल्या.

आठ वाजता मी इन्सुलिन भरून सात नंबरपाशी गेले. खाटेवरचे आबा तोंडावर पांढरा रुमाल टाकून झोपले होते. बाजूच्या स्टुलावर त्यांची बायको, डोक्यावर पदर, हातातल्या पुठ्ठ्यानं सवयीनं वारा घालत.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला शिकवतात की औषध देण्याआधी पाच गोष्टी तपासायच्या. त्यातली पहिली म्हणजे माणूस तोच आहे ना. नाव आपण सांगायचं नाही, त्याला सांगायला लावायचं. परीक्षेत हा प्रश्न आला होता आणि मला पूर्ण मार्क होते.

मी हळूच विचारलं, "आबांचंच इंजेक्शन आहे ना?"

आजींनी माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि मान हलवली.

त्यांना उठवून नाव विचारायचं माझ्या मनात आलं. खोटं कशाला सांगू, आलं होतं. पण झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावरचा रुमाल काढून 'तुमचं पूर्ण नाव सांगा' म्हणायचं, मग ते पुकाऱ्यासारखं सगळ्यांना ऐकू जाणार, मग कुणीतरी काहीतरी बोलणार. आजींना विचारायचं तर त्या नवऱ्याचं नाव घेणार नाहीत, हे मला माहीत होतं. त्यांच्या वयाच्या बायका घेत नाहीत. माझ्या आजीनंही कधी घेतलं नाही. पोस्टमन आला तर ती मला पुढे करायची.

मी दंडाला स्पिरिट लावलं आणि सुई दिली. रुमालाखालून आवाज आला, "आज दंडमां कसाले दिधी?" रोज त्यांना औषध सलाईनच्या सुईतून मिळत होतं. मी ते ऐकलं, आणि हसून पुढे गेले.

वीस मिनिटांनी नाश्त्याचे पोहे आले. मी टेबलापाशी नोंदी करत होते. आठ नंबरवरून एक आबा बोलावत होते, हातात पोह्यांची प्लेट, एक घासही न खाता.

"ओ बाई, माही सुई राह्यली ना. सुई घेतल्याबिगर खाऊ नका म्हणे मले."

"तुमचं इंजेक्शन दहाला आहे, आबा."

"दहाले कायले? रोज तं पोह्याच्या आधी देता. साखरेची व बाई, साखरेची."

आठ नंबरला साखर नव्हती. आठ नंबरला न्यूमोनिया होता. मी त्यांच्या पायाकडे पाहिलं. पायाला पट्टी होती.

"आबा, तुमचं पूर्ण नाव सांगा." हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं की मला आजही त्याचा राग येतो. त्यांनी स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मुक्काम, पोस्ट, तालुका सगळं सांगितलं. कुणाला पुकारा वाटला नाही. कुणी हसलं नाही. मी सात नंबरच्या पायथ्याची फाईल उघडली. ते नाव तिथे होतं.

ज्या माणसाला साखरेचा आजार नाही, ज्यानं सकाळपासून काही खाल्लेलं नाही, त्याला मी बारा युनिट इन्सुलिन दिलं होतं. त्याची साखर आता उतरत जाणार होती. किती उतरेल ते सांगता येत नाही. माणूस आधी घामेजतो, मग बरळतो, मग झोपल्यासारखा दिसतो. आणि हे आबा तर आधीच तोंडावर रुमाल घेऊन झोपलेले होते. कुणाला काही कळलंच नसतं.

मी रुमाल काढला. त्यांनी डोळे उघडले. बोट टोचून साखर पाहिली. चौऱ्याहत्तर. अजून ठीक. टोचलेलं बोट त्यांनी स्वतःच दाबून धरलं.

बोदवडचे आबा लंगडत दोन खाटांच्या मधे आले होते. त्यांना सगळं समजलं होतं. ते माझ्याजवळ वाकून अगदी हळू म्हणाले, "माही सुई सोयऱ्याले गेली ना?"

मी मान हलवली.

"चूप राह्य. कोनाले सांगू नको. नवी नोकरी आहे तुही. आमच्यातलं आमच्यात राहू दे. त्याईले गोड चहा पाज, काय होते?"

"एक सुईनं काय व्हस?" खाटेवरच्या आबांनी मला धीर दिला. "माले तीन डाव इच्चू चावना. काही नही व्हयनं."

आजी कावऱ्याबावऱ्या होऊन तिघांकडे बघत होत्या. मग त्यांनीही पदर सावरला आणि मान हलवली. म्हणजे त्याही कटात सामील झाल्या.

माझ्यावर इतकं प्रेम त्या वॉर्डात कुणी कधी केलं नव्हतं. तीन म्हातारी माणसं, ज्यांची नावं मी वेळेवर विचारली नव्हती, माझी नोकरी वाचवायला उभी होती. आणि ते शक्य होतं. चहात चार चमचे साखर, पोहे, एक केळ. मी दर अर्ध्या तासानं येऊन बोट टोचलं असतं. फाईलमध्ये कुणाला काही दिसलं नसतं. गप्प राहणं मला जमतं. आयुष्यभर मी तेच करत आले होते आणि लोक त्याला चांगुलपणा म्हणत आले होते.

पण चौऱ्याहत्तर हा आकडा उतरत्या जिन्यावरचा होता, आणि खाली किती पायऱ्या आहेत ते मला माहीत नव्हतं. आजींना मी साखर घातलेला चहा पाजायला सांगितलं, "त्यांना झोपू देऊ नका" म्हटलं आणि अक्कांच्या खोलीकडे चालत गेले. धावले नाही. वॉर्डात धावायचं नाही, हे अक्कांनीच शिकवलं होतं.

अक्का बशीत चहा ओतत होत्या.

"अक्का, मी सात नंबरचं इन्सुलिन दुसऱ्या माणसाला दिलं."

बशी खाली ठेवली गेली, तिचा आवाजसुद्धा झाला नाही. "कोणाला? किती? कधी?"

मी सांगितलं. त्या उठल्या. चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आला. मी त्यांच्या मागून चालत "माझी चूक, अक्का, मी नाव" असं काहीतरी सुरू केलं, तर त्या वळल्याही नाहीत. "ते मागून. आधी माणूस."

पुढची दहा मिनिटं त्यांनी काय काय केलं ते मी आजही शिकते आहे. डॉक्टरांना फोन, हातातल्या सुईला ग्लुकोजची बाटली, पंचवीस टक्के ग्लुकोजचं इंजेक्शन उशाशी तयार. बोदवडच्या आबांना नवीन सुई, तीही त्यांचं नाव त्यांच्याच तोंडून घेऊन. मग खाटांच्या फायली ज्याच्या त्याच्या पायथ्याला. मग त्या दोघा आबांसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि त्यांचा दुसरा आवाज लागला.

"खाटा कोन बदली?"

बोदवडचे आबा एकदम शाळकरी झाले. "मी बदलली, अक्का. ते पाव्हणे आहेत आमचे. मुलाकडचे."

"पाव्हना शे तं घर बोलाव, पुरनपोळी खावाड. आठे दवाखानामां कसानी सोयरिक?" मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आणि तू बस आठे, याच खाटेपाशी. दर पंधरा मिनिटांनी साखर. लिहून ठेव. चार वाजेपर्यंत या स्टुलावरून उठायचं नाही. बाकीचा वॉर्ड मी बघते."

मी बसले. माझ्या आयुष्यातला सर्वात लांब दिवस मी एका लोखंडी स्टुलावर काढला, वॉर्डातल्या सर्वात चांगल्या पंख्याखाली.

सुरुवातीला साखर बरी होती. आबा मजेत होते. बोदवडच्या आबांनी पिशवीतून केळी काढली. घरच्या बागेतली, भेटायला येणारे आणत आणि त्यांना स्वतःला खायची बंदी होती, म्हणून ती वॉर्डभर वाटली जायची. "घ्या सोयरे. मुलीकडच्यायनं खाऊ घालायचंच असते." आबांनी दोन खाल्ली.

साडेदहाला मात्र त्यांच्या कपाळावर घाम आला. त्या पंख्याखाली घाम यायचं कारण नव्हतं. हात गार लागला. मी बोलले तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ओळख नव्हती. "बैल सोडी दिधात का?" त्यांनी विचारलं. मग तेच पुन्हा, चिडून. बोट टोचलं. अठ्ठेचाळीस.

"अक्का!"

तो आवाज माझा होता. वॉर्डातली सगळी डोकी वळली. अक्का टोकाच्या खाटेवरून आल्या तोवर मी तयार ठेवलेलं ग्लुकोज सुईला लावलं होतं. त्यांनी वरचं लेबल पाहिलं, मला वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "दे. हळू दे."

मी दिलं. आजी पायाशी उभ्या राहून नवऱ्याचे तळवे चोळत होत्या आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होत्या. देवाचं असेल असं मला वाटलं. बोदवडचे आबा खाटेच्या कडेला बसून दोन्ही हात मांडीखाली घेऊन बघत होते. पाच मिनिटं झाली असतील. मग आबांनी डोळे नीट उघडले, आजूबाजूला पाहिलं, माझ्या हातातल्या मशीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "पुन्हा टोचस का व, पोरी?"

मी रडले नाही. बोट टोचलं. एकशे बारा.

दुपारी एकच्या सुमाराला त्यांचा मुलगा जेवणाचा डबा घेऊन आला. धरणगावला जिनिंगमध्ये कामाला, शर्टाला कापसाचे तंतू चिकटलेले. अक्का मला म्हणाल्या, "चल. त्याला आपणच सांगायचं, दुसऱ्याकडून कळता कामा नये." मला वाटलं त्या बोलतील आणि मी मागे उभी राहीन. त्यांनी मला पुढे उभं केलं.

मी सांगितलं. कोणतं औषध, कुणाचं होतं, किती वाजता, साखर किती खाली गेली, आता किती आहे, चारपर्यंत का बघायचं. त्यानं डबा खाली ठेवला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही कुठे शिकल्या?"

"धुळ्याला."

"इंग्रजीत?"

"हो."

"मग इंग्रजीत माणसाचं नाव विचारायला शिकवत नाहीत का?"

"शिकवतात," मी म्हटलं. "मी विचारलं नाही."

तो आणखी काही बोलणार होता. तेवढ्यात आजी आमच्या मधे आल्या. "तिले नको बोलू. मी मान हालाई. तिनी इचारं, मी हो म्हनी दिधं."

"आई, तू कशाला मधे..."

"ती पोर सकायपाईन उठनी नही," खाटेवरून आबा म्हणाले. "पानी बी नही पिनी. डबा दे आठे. तिले बी भाकर दे."

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. त्यानं मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. त्यानं डबा उघडला, अक्कांना विचारलं की बाबांना काय काय चालेल, आणि मग एका झाकणात अर्धी कळण्याची भाकरी आणि ठेचा घालून झाकण माझ्या स्टुलाच्या कडेला ठेवलं. माझ्याशी एक शब्द न बोलता. ती भाकरी मी खाल्ली. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं, ते बरंच झालं.

चार वाजता साखर स्थिर होती. डॉक्टर बघून गेले. अक्कांनी मला खोलीत बोलावलं आणि झालेल्या चुकीचा अहवाल लिहायचा फॉर्म समोर ठेवला. मी अर्ध्या तासात तो भरला. अक्कांनी वाचला, चष्मा डोक्यावर चढवला.

"खाटा बदलल्याचं कुठे आहे?"

"ते मी लिहिलं नाही." मला बोदवडच्या आबांना त्यात ओढायचं नव्हतं. ते तर माझी चूक लपवायला निघाले होते.

"तू त्यांना वाचवतेस, ते तुला वाचवतात, आजी सगळ्यांना वाचवते," अक्का म्हणाल्या. "आणि पुढच्या महिन्यात दुसरे दोन सोयरे येतील, दुसरी पोर असेल, आणि तीच सुई. लिही. खाट का बदलली तेही लिही. पंख्याचंही लिही. आणि रात्रीच्या सिस्टरनं टेबलापाशी ताबा दिला, तू घेतलास, तेही."

मी लिहिलं. वरिष्ठांनी मला लगेच बोलावलं, लेखी समज दिली, आणि पंधरा दिवस मी एकटीनं औषध द्यायचं नाही, सोबत दुसरी सिस्टर हवी असं ठरलं. मला वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते आठवरचा पंखा दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाला तेव्हा. इतकं सोपं होतं ते.

फॉर्म भरला त्याच संध्याकाळी अक्का खाटाखाटांपाशी फिरल्या. "खाट बदलायची तर मला विचारा. व्याही असो, जावई असो. माणूस हलला की फाईल त्याच्याबरोबर हलणार. आणि ही इंग्रजीवाली उद्यापासून सगळ्यांना नाव विचारणार आहे. पूर्ण नाव. मोठ्यानं. जो हसेल, त्याला मी दोनदा विचारीन."

म्हणजे त्यांनाही माहीत होतं, मला काय म्हणतात ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोळ्यांचा ट्रे घेऊन निघाले. मागे दुसरी सिस्टर. पहिल्या खाटेपासून विचारत आले. नाव सांगा, आबा. पूर्ण सांगा, नाना. पहिल्या दोन-तीन वेळा माझा आवाज फुटला, मग बसला. लोक सांगत होते. काही जण उठून बसून सांगत होते. बोदवडचे आबा आपल्या मूळ जागी परत आले होते. त्यांनी मुक्काम, पोस्ट, तालुक्यासकट पुन्हा सगळं सांगितलं आणि वर 'पिनकोड पण सांगू का' विचारलं.

आठ नंबरच्या आबांच्या तोंडावर वाफेचा मास्क होता. छातीत घरघर कमी व्हावी म्हणून सकाळी पंधरा मिनिटं तो द्यायचा. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी डोळ्यांनी फाईलकडे खूण केली.

"फाईल चालणार नाही, आबा," मी म्हटलं. "मी थांबते. मास्क निघाल्यावर सांगा."

आजी स्टुलावरून उठल्या. पदर कपाळापर्यंत ओढला, पुन्हा थोडा मागे घेतला. नवऱ्याकडे पाठ केली. मला वाटलं त्या मला जवळ बोलावून कानात सांगतील, म्हणून मी वाकले. पण त्यांनी माझ्याकडे बघून, काल मी ज्या आवाजात अक्कांना हाक मारली होती जवळजवळ त्याच आवाजात, नवऱ्याचं पूर्ण नाव घेतलं. पहिलं नाव, सासऱ्यांचं नाव, आडनाव. मधे कुठे थांबल्या नाहीत. काल तळवे चोळताना त्यांचे ओठ ज्या आकारात हलत होते, तो याच नावाचा होता, हे मला तेव्हा कळलं.

फक्त दोन्ही पंख्यांचा आवाज.

आबांनी मास्क बोटानं वर उचलला. "पन्नास वरीस व्हयनात," ते वाफेतून म्हणाले. "माले वाटे, तुले मन्हं नाव मायतीच नही."

"चूप बसा. वाफ ल्या," आजी म्हणाल्या.

मी फाईल उघडली आणि एकेक अक्षर ताडून पाहिलं. बरोबर होतं. मागच्या सिस्टरनंही पाहिलं. मग मी गोळी आजींच्या तळहातावर ठेवली, आणि त्यांनी मास्क निघेपर्यंत ती मुठीत धरून ठेवली.